भोर वाहिनीवरचा हात

वाचक महाशयांस सविनय निवेदन. पुढे जो संवाद येत आहे तो गाझियाबादेतील वैशाली या नव्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावरील एका सदनिकेत, वैशाख मासातील एका रविवारी दुपारी घडला. त्या काळी उपग्रह वाहिन्या नव्यानेच घराघरांत शिरू लागल्या होत्या. बोलणारी माणसे तीन आहेत. सुनेत्रा ही गृहिणी. श्रीरंग हा तिचा पती, जो नोएडा येथील एका स्टुडिओत वाहिन्यांची ओळखचित्रे तयार करतो, म्हणजे दोन कार्यक्रमांच्या मधे क्षणभर येणारे ते चिन्ह व तो सूर, ज्यांवरून आपण कोणती वाहिनी पाहत आहोत हे कळते. आणि भालचंद्र, सुनेत्राचे मामा, केंद्र सरकारच्या दक्षता विभागातून निवृत्त, हल्ली मुक्काम फरीदाबाद. मामा माझे शेजारी आहेत. त्यांनी, व पुढे त्या उभयतांनी, मला जसे सांगितले तसेच मी मांडीत आहे. संशय हा मनुष्याच्या घरात कोणत्या वाटेने येतो व कोणत्या वाटेने जातो, किंवा जात नाही, हे वाचकांनी स्वतःच पाहावे. माझे भाष्य मी मधे कोठेही घातलेले नाही.

भालचंद्र : अगं, पण बाहेर ऊन रखरखते आहे आणि आत आपण तिघे अंधारात बसलो आहोत. वीज केव्हा येईल त्याचा नेम नाही. निदान तो पडदा तरी बाजूला कर.

सुनेत्रा : मामा, मी सांगितलं ना. त्या पडद्याला मी हात लावणार नाही. गुरुवारपासून लावलेला नाही.

भालचंद्र : मग श्रीरंगराव, तुम्ही उठा.

सुनेत्रा : त्यानं तर मुळीच नाही.

भालचंद्र : म्हणजे अंधारातच चौकशी. ठीक. उभी हयात चौकशा करण्यात गेली, परंतु समोरच्याचा चेहरा न दिसता एकही केली नव्हती. बसा, श्रीरंगराव. कूलरला टेकू नका, त्याचे पाणी गळते आहे.

श्रीरंग : चौकशी कसली मामा? साधा गैरसमज आहे, यार.

भालचंद्र : ‘यार’ हे मला उद्देशून होते का?

श्रीरंग : तोंडातून गेलं. ऑफिसची सवय.

भालचंद्र : सवय. बरे. सुनेत्रा, फोनवर जे सांगितलेस ते यांच्यासमोर पुन्हा सांग. तू रडत होतीस आणि एसटीडीची खरखर होती. निम्मेच कळले.

सुनेत्रा : रडत नव्हते. समोरच्या बत्राबाईंच्या घरून बोलत होते, म्हणून आवाज दाबून बोलले. मी उद्याच्या गाडीनं पुण्याला जाते आहे. बॅग भरून दिवाणाखाली ठेवली आहे. तुम्ही मला स्टेशनवर सोडायला यायचं की नाही, एवढंच ठरवायचं आहे.

भालचंद्र : ते चौकशीअंती ठरेल. घटना सांग.

सुनेत्रा : गुरुवारी बत्राबाईंकडे चहाला गेले होते. टीव्हीकडे माझी पाठ होती. आणि पाठीमागून आमच्या घराचा पडदा उघडल्याचा आवाज आला.

भालचंद्र : तुमच्या घराचा पडदा, बत्राबाईंच्या घरात?

सुनेत्रा : आमच्या दांडीवरची एक कडी तुटकी आहे. पडदा तिथे अडतो. सर्र, टक्, सर्र. रोज सकाळी ऐकते मी तो. मला वाटलं, आपलं दार उघडं राहिलं आणि घरात कोणी शिरलं. वळून बघते तर टीव्हीवर एक हात. बाईचा. तो पडदा सरकवतोय, मागून उजेड येतोय, आणि त्या उजेडात अक्षरं उमटली, भोर.

भालचंद्र : भोर? आपले, पुण्याजवळचे?

श्रीरंग : हिंदीतलं भोर, मामा. पहाट. अक्षय्य तृतीयेला सुरू झालेलं नवं चॅनल आहे.

सुनेत्रा : आणि त्या हातात माझी पाटली होती.

भालचंद्र : पाटली ओळखलीस कशावरून? सोनाराकडे सारख्या घडणीच्या पुष्कळ असतात.

सुनेत्रा : पोच्यावरून. आयटीओच्या थांब्यावर बसमधून उतरताना दांड्यावर आपटली होती, तेव्हा वेलीच्या देठाजवळ पोचा पडला. तो सोनाराच्या पुस्तकात नसतो. बत्राबाईंच्याही लक्षात आलं. म्हणाल्या, ‘भाभीजी, कंगन तो आपका है. हाथ भी आपका ही है क्या?’ मी म्हटलं, हो.

भालचंद्र : खोटे बोललीस.

सुनेत्रा : अब्रू राखली.

भालचंद्र : दोन्ही एकाच वेळी करता येते. पुढे.

सुनेत्रा : पुढे काय, जेवणवेळेपर्यंत तिथेच बसले. जाहिरातींच्या आधी तो हात, जाहिरातींच्या नंतर तो हात. बत्राबाई कौतुकानं एकेका शेजारणीला हाका मारत होत्या. आणि मी तिथे माझ्या हाताचं कौतुक करून घेत बसले होते. माझा नसलेल्या.

भालचंद्र : हे चित्र दहा-बारा दिवस चालू आहे. मग तू ते याआधी स्वतःच्या घरात कसे पाहिले नाहीस?

सुनेत्रा : तेच विचारा ना त्याला. या घरात भोर दिसतच नाही. मी विचारलं होतं, तर म्हणाला, केबलवाला देत नाही. शुक्रवारी मी केबलवाल्या त्यागीला वर बोलावलं. त्यानं टीव्हीची पुढची पट्टी उघडली, आतलं एक चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, ‘तार में तो आ रहा है, भाभीजी. सेट में से किसी ने हटाया है.’

भालचंद्र : श्रीरंगराव?

श्रीरंग : हो.

भालचंद्र : ‘हो’ म्हणजे काय?

श्रीरंग : मी हटवलं.

भालचंद्र : अस्से. मिठाईवाल्याने स्वतःच्या घरी आपल्या दुकानची मिठाई येऊ दिली नाही, तर सरकार पहिल्यांदा काय करते ठाऊक आहे? नमुना तपासणीला पाठवते.

श्रीरंग : मामा, मिठाईत भेसळ नाहीये.

भालचंद्र : ते मी ठरवीन. आधी मला हे सांगा की ही तुमची मिठाई आहे तरी काय. वाहिनीला कार्यक्रम असतात, बातम्या असतात. हा मधला हात कशासाठी?

सुनेत्रा : पाच-सात सेकंदांचं काम असतं मामा. त्यासाठी माणूस आठवडाभर घरी येत नाही.

श्रीरंग : अच्छा, मला बोलू देणार आहात का? मामा, पूर्वी एकटं दूरदर्शन होतं. टीव्ही लावला की आपण कुठे आलो हा प्रश्नच नव्हता. आता तीस-तीस चॅनल आहेत. सगळीकडे तीच गाणी, तेच सिनेमे. गल्लीतून जाताना उघड्या दारांतून डोकावत जावं तसा माणूस रिमोट दाबत निघतो. त्याला एका श्वासात कळलं पाहिजे की हे दार कुणाचं. आयडेंट म्हणजे तेवढंच. दारावरची पाटी.

भालचंद्र : तर मग पाटी लिहावी. स्वच्छ अक्षरात.

श्रीरंग : पाटी वाचायला माणूस समोर लागतो. निम्मी माणसं स्वयंपाकघरात असतात, त्यांना नुसत्या आवाजावरून कळायला हवं. कुणी आवाज बंद करून बसलेलं असतं, त्याला नुसत्या चित्रावरून. आणि ते दिवसभर दिसणार, वर्षभर दिसणार. विनोद घातला तर तिसऱ्या खेपेला लोक वैतागतात. सुंदर चेहरा घातला तर चेहरा लक्षात राहतो, चॅनल नाही. रोज बघूनही जिचा कंटाळा येत नाही, जी आपण बघतोय हेच आपल्याला कळत नाही, अशी वस्तू शोधावी लागते.

भालचंद्र : उदाहरणार्थ?

सुनेत्रा : उदाहरणार्थ बायको.

श्रीरंग : सुनेत्रा, असं नाही म्हणालो मी.

भालचंद्र : शांत व्हा. मूळ मुद्द्यावर येऊ. सरकारी भाषेत ज्याच्यावर ठपका असतो त्याला अपचारी म्हणतात. घरात तो शब्द मी वापरणार नाही. तर जावईबापू, पाटली कपाटातून तुम्ही नेलीत?

श्रीरंग : नेली. शूटिंगला. दुसऱ्या दिवशी परत ठेवली.

भालचंद्र : विचारून?

श्रीरंग : नाही.

सुनेत्रा : मला अक्षय्य तृतीयेलाच संशय आला होता. पाटली घालायला काढली, तर नक्षीत पांढरं काहीतरी वाळून बसलेलं. वास घेतला. साबण. माझ्या हातात ती पाटली अशीच जाते मामा, मी कधी साबण लावलेला नाही. तेव्हा वाटलं, असेल काहीतरी. आता कळतंय.

भालचंद्र : काय कळते आहे? नाव घे.

सुनेत्रा : मयुरा.

श्रीरंग : मयुराचा काय संबंध?

सुनेत्रा : बघा, लगेच आवाज चढला. मयुरा याच्याच स्टुडिओत एडिटिंग करते. मुंबईची. मुनिरकाला खोली घेऊन राहते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मीच बोलावलं होतं, परगावी एकटी मुलगी म्हणून. माझी आंब्याची डाळ दोनदा मागून घेतली, आणि माझा हात हातात धरून पाटली न्याहाळली. ‘किती सुरेख आहे हो वहिनी.’ पंधरवड्याच्या आत पाटली टीव्हीवर.

भालचंद्र : मुलगी अंगाने कशी आहे?

सुनेत्रा : म्हणजे?

भालचंद्र : स्थूल, मध्यम, की कृश?

सुनेत्रा : काडी आहे काडी. मनगट तर असं, माझी पाटली तिच्या कोपरापर्यंत वर गेली असती.

भालचंद्र : मग साबण कशाला लागला? पाटली सैल होते आहे, तर साबण नको. ज्या अर्थी साबण लागला, त्या अर्थी हात मोठा. म्हणजे मयुरा नव्हे.

सुनेत्रा : मग दुसरी कोणीतरी. जाड.

भालचंद्र : श्रीरंगराव, आपल्या स्टुडिओत स्थूल अशी कोण स्त्री आहे?

श्रीरंग : कॅन्टीनमध्ये एक आहेत. पण त्यांना नातवंडं आहेत मामा.

सुनेत्रा : थट्टा सुचतेय याला. मामा, पाटली मी एक वेळ सोडून देईन. सोनं आहे, आज या हातात, उद्या त्या. मला खुपतंय ते वेगळंच आहे.

भालचंद्र : बोल.

सुनेत्रा : त्या हाताची पद्धत. दुसरं कोणीही पडदा बोटांनी धरून ओढेल. तो हात तसं करत नाही. तो मनगट उलटं करून, मनगटाच्या पाठीनं पडदा ढकलतो. बोटं वर, पडद्याला न लागतील अशी. मी सकाळी उठते, आधी कणीक मळते, तोवर उजाडतं. हात कणकेनं भरलेले असतात म्हणून मी तसा उघडते. असा उघडते हे मला स्वतःला माहीत नव्हतं मामा. गुरुवारी टीव्हीवर बघितलं तेव्हा कळलं. ही मी आहे, आणि हात माझा नाही. यानं माझी सवय दुसऱ्या बाईला शिकवली. समोर उभं राहून शिकवली असणार. ‘असं नाही, असं कर. मनगट असं वळव.’ तिचं मनगट धरून.

भालचंद्र : श्रीरंगराव, हे खरे आहे?

श्रीरंग : शिकवायला गेलो होतो, हे खरं आहे.

सुनेत्रा : ऐकलंत?

श्रीरंग : एकीला नाही. बऱ्याच जणींना. जाहिरातीत नुसता हात देणाऱ्या मुली असतात मामा, त्या बोलावल्या होत्या. एकीलाही जमलं नाही. साबणाच्या जाहिरातीत फेस उचलावा तसा पडदा उचलायच्या. मनगट वळवायला सांगितलं की नाचात वळवावं तसं वळवायच्या. क्लायंट घड्याळ बघत बसला होता.

भालचंद्र : मग अखेर कोणाला जमले?

श्रीरंग : ते जाऊ द्या ना.

भालचंद्र : प्रश्न मी मागे घेत नसतो.

श्रीरंग : कुणाचं नाव सांगितलं तरी हिचा विश्वास बसणार आहे का? बॅग भरून ठेवली आहे हिनं. आधी बॅग, मग चौकशी, हा कुठला न्याय?

सुनेत्रा : बघा, नाव नाही सांगत.

भालचंद्र : सुनेत्रा, अजून काही? लहानसहान जे वेगळे वाटले असेल ते.

सुनेत्रा : शर्ट. वैशाखात हा पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून जातो. घरातही. रात्रीसुद्धा सदरा, मनगटापर्यंत बंद. वीज नसते, घामानं भिजतो, पण बाही वर करत नाही. मी म्हटलं, अरे दुमड की. तर म्हणतो, डास चावतात.

भालचंद्र : आत्ताही पूर्ण बाह्या आहेत?

सुनेत्रा : आत्ताही. मला माहीत आहे काय लपवतोय. ओरखडे असणार.

भालचंद्र : श्रीरंगराव, उजवी बाही वर करा.

श्रीरंग : मामा, प्लीज. ही माझी इज्जतीची गोष्ट आहे.

भालचंद्र : म्हणूनच.

श्रीरंग : वीज आल्यावर करतो.

भालचंद्र : वीज आल्यावर तुम्हाला अजून काही सुचेल. आत्ता. सुनेत्रा, मला या अंधारात दिसत नाही, तूच हात लावून सांग काय आहे ते.

सुनेत्रा : मी नाही लावणार.

भालचंद्र : फिर्याद तुझी आहे. पंच मी, पुरावा तू बघायचास.

सुनेत्रा : दे हात. ...हे काय आहे?

भालचंद्र : ओरखडा?

सुनेत्रा : नाही. खरखरीत लागतंय. दाढी वाढल्यासारखं. मनगटापासून कोपरापर्यंत नुसती खुंटं आहेत. श्रीरंग, तू हात भादरलास?

श्रीरंग : वस्तऱ्यानं. मेकअपवाल्यानं.

सुनेत्रा : कशाला?

श्रीरंग : आता तरी कळलं असेल कशाला.

भालचंद्र : थांबा. मला कळले, परंतु ते तुम्हीच स्वतःच्या मुखाने बोला.

श्रीरंग : तो हात माझा आहे. त्या सगळ्या मुलींना मी करून दाखवत होतो, असं, असं. शेवटी मयुराच म्हणाली, सर, तुम्ही दाखवता ना, तेव्हाच बरोबर दिसतं. तुमचाच घेऊ या. सगळे हसले. मग हसता हसता क्लायंट म्हणाला, लेके तो देखो. हात भादरला, पावडर लावली, आणि साबण लावून पाटली चढवली. उतरवताना तर जीव गेला.

सुनेत्रा : पाटली वाकडी केलीस?

श्रीरंग : नाही. मनगट सुजलं, पण पाटली वाकू दिली नाही.

भालचंद्र : या कथनावर मी लगेच विश्वास ठेवणार नाही. भादरलेला हात हा पुरावा आहे, पूर्ण पुरावा नव्हे. चित्र पाहिले पाहिजे.

(पंखा फिरू लागतो. समोरच्या घरातून टीव्हीचा आवाज येतो.)

भालचंद्र : आली वीज. श्रीरंगराव, ज्या हाताने वाहिनी घालवलीत त्याच हाताने परत आणा.

श्रीरंग : आणतो. हे चाक. जरा थांबा, मुंग्या जाऊ देत. हं. आता बातम्या चालल्यात. संपल्या की येईल.

सुनेत्रा : किती अभिमानानं सांगतोय बघा. येईल म्हणे.

श्रीरंग : आलं. बघा.

भालचंद्र : ...झाले? इतकेच?

श्रीरंग : इतकंच.

भालचंद्र : मला तर बाईचाच हात दिसला. अगदी घरंदाज बाईचा.

श्रीरंग : उजेड मागून घेतलाय, म्हणून नुसती कड दिसते. तसा दिसावा म्हणून तर रात्रंदिवस बसलो होतो. जाहिराती संपल्या की परत येईल, तेव्हा करंगळी बघा. शेवटी जरा बाहेर राहते. शाळेत क्रिकेट खेळताना मोडली होती.

सुनेत्रा : बघू. ...हो. करंगळी तुझी आहे.

भालचंद्र : ओळख पटली?

सुनेत्रा : पटली. गुरुवारी इतक्यांदा बघितली, तेव्हा नाही दिसली.

श्रीरंग : बत्राबाईंना वाटला तुझा. तुला वाटला परकीचा. माझा असेल असं कुणालाच वाटलं नाही. धंद्याच्या दृष्टीनं याहून चांगलं प्रशस्तिपत्रक मिळणार नाही मला.

सुनेत्रा : माझ्या सवयीत स्वतःचा हात घालून ठेवलास, मग ओळखणार कसा मी? आणि आवाज? तो कुठून आणलास? तो तर आपल्याच कडीचा आहे.

श्रीरंग : तो तुझा आहे.

सुनेत्रा : म्हणजे?

श्रीरंग : एका सकाळी ऑफिसचा रेकॉर्डर कूलरमागे ठेवला होता. मी अंथरुणात पडून होतो. तू पडदा उघडलास, तो घेतला. स्टुडिओत तसा आवाज करून बघितला, येईना. सगळ्या कड्या नव्या होत्या तिथे.

सुनेत्रा : झोपेचं सोंग घेऊन?

श्रीरंग : हो.

भालचंद्र : हा आणखी एक आरोप उघडकीस आला, आणि तोही कबुलीने. आता मला एकच गोष्ट सांगा, जावईबापू. हात हवा होता, सवय हवी होती, आवाज हवा होता. या तिन्हीची मालकीण घरात बसली होती. नोएडा किती दूर आहे? तिला का नेले नाहीत?

सुनेत्रा : मला हेच विचारायचं होतं. मी जाड नाही, काडी नाही. मला साबण लागला नसता.

श्रीरंग : तुला नेलं असतं तर तू नवी साडी नेसून आली असतीस.

सुनेत्रा : मग? जुनी नेसून यायचं का स्टुडिओत?

श्रीरंग : नखं रंगवून आली असतीस. दिव्यांसमोर उभी राहून मला विचारलं असतंस, कसा उघडू. मी म्हणालो असतो, घरी उघडतेस तसा. आणि तू म्हणाली असतीस, घरी कसा उघडते? तुला माहीतच नव्हतं गं. आत्ता तूच म्हणालीस. मलाही तू सांगितलेलं नव्हतंस. लग्न झाल्यापासून रोज सकाळी उशीवरून बघत आलोय. क्लायंटनं विचारलं, सकाळ म्हणजे काय दाखवाल? लोक सूर्य सुचवत होते, कोंबडा सुचवत होते, कमळ सुचवत होते. मला दुसरं काही दिसेना. सकाळ म्हणजे तेच.

सुनेत्रा : हे आत्ता सुचलं, की तेव्हाच?

श्रीरंग : मयुराला विचार. सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये सांगितलं होतं. बायको असा पडदा उघडते म्हणून.

सुनेत्रा : सगळ्यांना सांगितलंस. मला सोडून.

श्रीरंग : हो.

भालचंद्र : आणि वाहिनी घरातून घालवलीत ती? ती लाजेमुळे?

श्रीरंग : थोडी लाज होतीच. पुरुषासारखा पुरुष, पाटली घालून, हात भादरून. ऑफिसात अजून मला भाभीजी म्हणतात. पण खरं कारण ते नाही.

भालचंद्र : मग?

श्रीरंग : हिनं बघितलं तर हिला कळणार, हे मला माहीत होतं. आणि कळलं की मग हिचा हात तसा येणार नाही, अशी भीती वाटली. माणसाला त्याची चाल दाखवली की तो अडखळतो. साऱ्या जगाला दिसलं तरी चालेल, पण या घरात दिसायला नको. म्हणून ते चाक फिरवलं. मूर्खपणा होता. समोर बत्राबाई राहतात हे लक्षातच आलं नाही.

भालचंद्र : सुनेत्रा, तुझे यावर काही म्हणणे?

सुनेत्रा : नाही.

भालचंद्र : तर मग निष्कर्ष ऐका. पाटली न विचारता नेली, सिद्ध. आवाज चोरून घेतला, सिद्ध. वाहिनी लपवली आणि दोष केबलवाल्यावर ढकलला, सिद्ध. परस्त्रीचा आरोप शाबीत होत नाही. परस्त्रीच्या ठिकाणी पुरुष आढळला, आणि तोही घरचाच. शिक्षेचे मी सांगणार नाही. ती फिर्यादीने ठरवावी. माझी मोहननगरहून शेवटची थेट बस आहे, मी निघतो. स्टेशनवर सोडायला यायचे की नाही, ते उद्या सकाळी फोनवर कळव. बत्राबाईंकडून बोललीस तरी चालेल, पण मोठ्याने बोल.

सुनेत्रा : थांबा, पन्हं घेऊन जा.

भालचंद्र : पन्हे नको. एक सांगतो, सेवेत असताना पुष्कळ निर्दोष माणसे पाहिली. त्यांच्याविरुद्धचा संशय गेला, तरी फाईल काही दिवस टेबलावर राहतेच. तिची घाई करू नये. येतो.

श्रीरंग : सुनेत्रा, गेले मामा. आता तरी बोल काही.

सुनेत्रा : तुला वाटतं मी रागानं पडद्याला हात लावत नव्हते.

श्रीरंग : मग?

सुनेत्रा : शुक्रवारी सकाळी गेले होते. कणीक मळून, हात भरलेले, रोजच्यासारखी. पडद्यापाशी उभी राहिले आणि हात उचलला. आणि मला कळेना, पुढे काय. मनगट आधी वळतं की कोपर. टीव्हीवरचा हात डोळ्यांसमोर यायचा. मग हात धुतला आणि परत आले. काल पुन्हा गेले. कालही तेच.

श्रीरंग : मला हीच भीती होती.

सुनेत्रा : म्हणून राग आला. पाटलीचा आला होता, मयुराचा आला होता, पण ते वरवरचे. माझ्या हातातून काहीतरी कोणीतरी काढून नेलं आणि परत ठेवलं नाही, असं वाटलं.

श्रीरंग : परत देतो ना. मला पूर्ण पाठ आहे. बघ, आधी मनगट खाली पडतं, मग...

सुनेत्रा : सांगू नकोस.

श्रीरंग : बरं.

सुनेत्रा : तू सांगितलंस तर ते तुझं येईल. उद्या पुन्हा कणीक मळेन. बघू, आपोआप हात जातो का.

श्रीरंग : आणि बॅग?

सुनेत्रा : असू दे दिवाणाखाली. सकाळ तर होऊ दे. आणि हे बघ, मी उठेन तेव्हा तू झोपलेला पाहिजेस. तू बघतोयस असं वाटलं तर हात तसा यायचा नाही.

श्रीरंग : झोपेन.

सुनेत्रा : नुसते डोळे मिटून पडू नकोस. खरंच झोप.

येथवरचे बोलणे मला जसे मिळाले तसे मांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात काय झाले हे मी विचारले नाही, व विचारणे मला प्रशस्त वाटले नाही. एवढे दीर्घ लेखन सहनशीलतेने वाचल्याबद्दल प्रत्येक वाचकाचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
यशवंत गोविंद ढवळे,
फरीदाबाद